पुण्यात युडिओमीटर वापरताना: वायूचे आकारमान मोजण्याची पूर्ण पद्धत

मॅग्नेशियमची पट्टी आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड यांचा प्रयोग करून हायड्रोजनच्या एका मोलचे आकारमान काढायचे, हे प्रॅक्टिकल रसायनशास्त्राच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला कधी ना कधी येते. शून्य अंश आणि पाऱ्याच्या ७६० मिमी दाबाला उत्तर २२.४ लिटरच्या आसपास यायला हवे. पुण्यात मात्र ते अनेकदा २३.९ येते, नाहीतर थेट २४.७. मग मुले आपल्या हाताला दोष देतात, पट्टी ऑक्सिडाइज झाली होती म्हणतात, किंवा जर्नलमध्ये आकडे मागून पुढे जुळवतात. प्रत्यक्षात त्यांचा प्रयोग चांगला झालेला असतो. चुकलेला असतो तो गणितात घातलेला दाब. पुस्तकातला ७६० मिमी हा समुद्रसपाटीचा दाब आहे आणि पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब पाऱ्याच्या ७१० मिमीच्या आसपास असतो.

वायूचे आकारमान हा एकटा आकडा कधीच पुरा नसतो. ४० मिली हायड्रोजन म्हणजे किती हायड्रोजन, हे त्या क्षणाचे तापमान आणि दाब सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून या लेखात युडिओमीटर, म्हणजे वायू मोजायची काचेची नळी, कशी भरायची याच्या बरोबरीने पुण्यात दाब कुठून आणि कसा मिळवायचा यावरही भर दिला आहे.

उपकरण

युडिओमीटर म्हणजे एका टोकाला बंद असलेली, अंशांकित काचेची नळी. शाळा-कॉलेजात बहुधा ५० मिलीची असते आणि तिच्यावर ०.१ किंवा ०.२ मिलीच्या खुणा असतात. शून्य बंद टोकाला असतो, कारण नळी वापरायची ती उलटी. पाण्याने भरून उलटी धरली की वायू वर चढत जातो, पाणी खाली सरकते, आणि पाण्याची पातळी जिथे थांबते तिथे वायूचे आकारमान वाचायचे.

अठराव्या शतकात हे उपकरण हवा किती ‘चांगली’ आहे हे तपासण्यासाठी जन्माला आले. व्होल्टाने नळीच्या बंद टोकात विजेची ठिणगी पाडायची सोय केली. कॅव्हेंडिशने १७८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हायड्रोजन आणि ऑक्सिजन जळून पाणी तयार होते हे दाखवले. १८०५ मध्ये गे-ल्युसॅक आणि हुम्बोल्ट यांनी त्या दोघांचे प्रमाण आकारमानाने २:१ आहे हे मोजले. बारावीच्या आणि जेईईच्या गणितांत हायड्रोकार्बन जाळून मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडने कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्याचे प्रश्न येतात, ते याच परंपरेतले. ठिणगीची नळी आजही मिळते, पण तिच्यात स्फोट होतो. जाड काच, संरक्षक पडदा आणि अनुभवी माणूस नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. इथे आपण बिनठिणगीच्या साध्या नळीपुरतेच बोलू.

नळी नसेल तर ५० मिलीची बुरेट उलटी लावूनही काम होते. फक्त बुरेटच्या ५० च्या खुणेपासून तोटीपर्यंतची जागा अंशांकित नसते. बुरेट उलटी केल्यावर वायू आधी तिथेच भरतो. म्हणून ती जागा आधी मोजून घ्या. कोरडी बुरेट सरळ उभी करा, तोटी बंद ठेवा आणि पिपेटने मोजून पाणी सोडत ५० च्या खुणेपर्यंत आणा. उलट्या बुरेटवर वाचलेला आकडा ५० मधून वजा करायचा आणि जितके पाणी लागले तितके आकारमान त्यात मिळवायचे.

नळी घेताना आणि तपासताना

सायंटिफिक ग्लासवेअरच्या दुकानात युडिओमीटर मागितली की कधीकधी साधी गॅस-जार ट्यूब हातात येते. खुणा काचेवर कोरलेल्या किंवा भाजलेल्या आहेत ना, हे नखाने घासून पाहा. नुसत्या छापलेल्या खुणा ॲसिडने आणि ब्रशने वर्षभरात पुसट होतात. तोंडाला एक भोक असलेले रबरी बूच घट्ट बसते का, तेही दुकानातच बघा.

नवी नळी असो वा कपाटातली जुनी, एकदा वजनाने तपासून घ्या. नळी सरळ, बंद टोक खाली करून उभी करा, १० च्या खुणेपर्यंत पाणी भरा आणि वजन करा. मग २० पर्यंत, ३० पर्यंत, असे ५० पर्यंत. २७ अंशांना १० मिली शुद्ध पाण्याचे वजन ९.९६५ ग्रॅम भरते. आपल्याकडच्या काचसामानावर बहुधा २७ अंश सेल्सिअस असेच छापलेले असते, त्यामुळे हिशोब सोपा जातो. वजनात फरक दिसला तर एका कागदावर दुरुस्तीचा तक्ता करून तो नळीच्या डब्यात ठेवा.

बारकाईने काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. सरळ उभ्या नळीत पाणी काचेच्या कडेने थोडे वर चढलेले असते आणि ते वजनात मोजले जाते. नळी उलटी केली की तेच कडेचे पाणी वायूची जागा खाते. त्यामुळे पाण्याने तपासलेल्या नळीत वायूचे खरे आकारमान रीडिंगपेक्षा किंचित कमी असते. हा फरक दशांश मिलीच्या घरातला आहे. अकरावीच्या प्रॅक्टिकलला तो सोडून दिला तरी चालेल, पण एमएस्सीच्या कामात सोडू नका.

स्वच्छतेची कसोटी सोपी आहे. नळी पाण्याने भरून रिकामी करा. काचेवर पाण्याचा एकसंध पातळ थर राहिला तर नळी स्वच्छ. थेंब थेंब चिकटून राहिले तर आत तेलकटपणा आहे, आणि प्रयोगात बुडबुडे नेमके तिथेच अडकतील. साबणाच्या कोमट पाण्याने आणि लांब ब्रशने घासून, भरपूर पाण्याने धुऊन पुन्हा बघा.

दाब: इथेच उत्तर चुकते किंवा जमते

मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये पुण्याचा दाब १००८ किंवा १०१२ हेक्टोपास्कल दिसतो. हा पुण्याच्या हवेचा खरा दाब नव्हे. वेगवेगळ्या उंचीवरची गावे नकाशावर एकमेकांशी ताडून पाहता यावीत म्हणून मोजलेला दाब समुद्रसपाटीला आणून सांगण्याची हवामानशास्त्रात रीत आहे. तो ‘मीन सी लेव्हल प्रेशर’. आपल्या नळीवर दाबणारी हवा मात्र ‘स्टेशन लेव्हल प्रेशर’ने दाबते. शिवाजीनगरच्या वेधशाळेत, जिला जुने पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, दोन्ही आकडे वेगळे नोंदवले जातात. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे हलले, त्यावरून ते नाव पडले.

खरा दाब मिळवण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधला फोर्टिन बॅरोमीटर, म्हणजे पाऱ्याचा दाबमापक. चांगला, पण त्याचे रीडिंग जसेच्या तसे घेऊ नये. पारा तापमानाने प्रसरण पावतो, म्हणून २७ अंशांना ७१० च्या आसपासच्या रीडिंगमधून सुमारे ३ मिमी वजा करावे लागतात. पुण्याच्या अक्षांशावर आणि उंचीवर गुरुत्वाकर्षण प्रमाण मूल्यापेक्षा थोडे कमी आहे, त्यासाठी आणखी दीड मिमी. म्हणजे बॅरोमीटरवर ७१६ दिसले तर गणितात ७११ घ्यायचे.

दुसरा, मोबाइलमधला दाबाचा सेन्सर. सगळ्या फोनमध्ये तो नसतो, पण असेल तर सेन्सरचे कच्चे रीडिंग दाखवणारे ॲप घ्या. पुण्यात तो ९४० ते ९५५ च्या दरम्यान आकडा दाखवत असेल तर तो खरा दाब आहे. १००० च्या वर दाखवत असेल तर ॲपने उंचीची दुरुस्ती आधीच केलेली आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती काढा.

तिसरा, काहीच नसेल तर समुद्रसपाटीच्या आकड्यावरून उलटा हिशोब. शिवाजीनगरच्या उंचीसाठी त्या आकड्याला ०.९३८ ने गुणा. १०१० गुणिले ०.९३८ म्हणजे ९४७ हेक्टोपास्कल. हेक्टोपास्कलला ०.७५ ने गुणले की पाऱ्याचे मिमी मिळतात: ७१०. तुमची इमारत शिवाजीनगरपेक्षा उंचावर असेल तर दर १२ मीटरला १ मिमी कमी करा. टेकडीच्या अंगावर वसलेल्या कॉलेजात किंवा वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये हा फरक ३-४ मिमीपर्यंत सहज जातो.

दाब प्रयोगाच्या वेळी घ्या, सकाळी एकदाच घेऊन दिवसभर वापरू नका. आपल्या अक्षांशांत दाब सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. हा रोजचा चढउतारच २-३ मिमीचा असतो. पावसाळ्यातला सरासरी दाब हिवाळ्यातल्यापेक्षा कमी असतो, ते वेगळेच.

पुण्याचा कमी दाब आणखी एका ठिकाणी आडवा येतो: मॅग्नेशियम किती घ्यायचे. समुद्रसपाटीला बसून लिहिलेल्या कृतीत ०.०४५ ग्रॅम मॅग्नेशियम सांगितलेले असेल, तर तिथे २५ अंशांना ४७ मिली वायू होतो आणि नळीत मावतो. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी, ३४ अंशांच्या लॅबमध्ये, तेवढ्याच मॅग्नेशियमचा ५३ मिली वायू होतो. नळी संपते आणि वायू तळाशी बुडबुडे होऊन निघून जातो. इथे ५० मिलीच्या नळीसाठी ०.०३५ ग्रॅमच्या आसपास राहा, आणि ०.०४० च्या वर जाऊ नका.

तयारी

पाणी आदल्या दिवशी मोठ्या बादलीत किंवा टबमध्ये काढून लॅबमध्येच ठेवा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी खोलीपेक्षा कितीतरी गरम असते, आणि डिसेंबरच्या सकाळी उलट. रात्रभर ठेवलेले पाणी खोलीच्या तापमानाला येते आणि नळातून येताना विरघळलेली जादा हवाही त्यातून सुटून जाते. एरवी हीच हवा प्रयोगात बारीक बुडबुड्यांच्या रूपाने तुमच्या हायड्रोजनमध्ये मिसळते.

मॅग्नेशियमची पट्टी पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंनी चकचकीत होईपर्यंत घासा. वरचा राखाडी थर ऑक्साइडचा असतो. तो वजनात धरला जातो पण हायड्रोजन देत नाही. घासल्यावर कोरड्या टिशूने पुसा आणि बोटे शक्यतो लावू नका.

वजनासाठी चार दशांश स्थळांचा काटा हवा. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर ०.०३५ ग्रॅम मोजण्यात अर्थ नाही. तसा काटा नसेल तर एक मीटर घासलेली पट्टी एकत्र तोला आणि लांबीवरून वजन काढा. समजा एक मीटरचे वजन ०.८९ ग्रॅम आले, तर ४ सेंमी तुकड्याचे ०.०३५६ ग्रॅम. तुकडा कापताना पट्टी ताणून सरळ ठेवा. अर्धा मिलिमीटर चुकला तरी उत्तरात एक टक्क्याहून जास्त फरक पडतो.

हायड्रोक्लोरिक ॲसिड कॉन्सन्ट्रेटेड असेल तर ५ मिली पाण्यात ५ मिली ॲसिड मिसळा. आधी पाणी, मग ॲसिड, हळूहळू, फ्यूम हूडमध्ये किंवा निदान उघड्या खिडकीशी. डोळ्यांवर गॉगल आणि हातांत ग्लोव्ह्ज हवेतच. लॅबमध्ये आजूबाजूला एकही बर्नर पेटलेला नको, कारण तयार होणारा वायू हायड्रोजन आहे. ॲसिड गरजेच्या जवळजवळ वीसपट आहे. मॅग्नेशियम पूर्ण संपावे म्हणून ते मुद्दाम जास्त घेतलेले आहे.

प्रत्यक्ष प्रयोग

बारीक तांब्याची तार साधारण १५ सेंमी घ्या. मॅग्नेशियमची घडी करून तिच्याभोवती तारेचा छोटा पिंजरा विणा आणि तारेचे एक टोक लांब मोकळे ठेवा. तांबे या ॲसिडशी हायड्रोजन देत नाही, म्हणून ते वजनात धरायचे नाही. पिंजरा इतका सैलही नको की पट्टीचा तुकडा निसटून वर तरंगेल.

नळी थोडी तिरपी धरून तळाशी ते १० मिली ॲसिड पिपेटने सोडा. मग वॉश बॉटलने भिंतीच्या कडेकडेने अगदी हळू पाणी सोडत नळी काठोकाठ भरा. ॲसिड पाण्यापेक्षा जड असते. ते खाली आणि पाणी वर असे दोन थर राहिले पाहिजेत. घाईने पाणी ओतले की थर मिसळतात, ॲसिड तोंडापर्यंत येते, आणि नळी उलटी व्हायच्या आधीच वायू सुटू लागतो. या पायरीला दोन मिनिटे जास्त लागली तर लागू द्या.

आता पिंजरा तोंडापासून ३-४ सेंमी आत सोडा, तारेचे टोक काठावरून बाहेर घ्या आणि भोकाचे रबरी बूच दाबून बसवा. भोकातून थोडे पाणी वर आले पाहिजे, म्हणजे आत हवेचा एकही बुडबुडा राहिलेला नाही. बुडबुडा दिसला तर बूच काढून पुन्हा पाणी घाला. त्याच्याकडे डोळेझाक केली तर तेवढी हवा हायड्रोजन म्हणून मोजली जाईल.

ग्लोव्ह घातलेल्या बोटाने भोक बंद करा, नळी एका झटक्यात उलटी करा आणि तोंड पाण्याने भरलेल्या बीकरमध्ये बुडल्यावरच बोट काढा. नळी स्टँडला क्लॅम्पने लावा, पण क्लॅम्प फार आवळू नका. जड ॲसिड आता खाली उतरत मॅग्नेशियमपर्यंत पोचते आणि काही क्षणांत बुडबुडे सुरू होतात. सुरुवातीला हळू, मग जोरात, मग पुन्हा मंद. नळीतले द्रव बूचातल्या भोकातून बीकरमध्ये उतरत राहते.

बुडबुडे थांबल्यावर लगेच रीडिंग घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. ही अभिक्रिया उष्णता देते, आणि एवढ्याशा मॅग्नेशियमनेही नळीतले पाणी ३ अंशांपर्यंत तापू शकते. एका अंशाच्या चुकीने उत्तरात अर्धा टक्का फरक पडतो, कारण तापमानाबरोबर पाण्याच्या वाफेचा दाबही बदलतो. पंधरा मिनिटे थांबा. या वेळात काचेवर बोटाने हलके टिचकी मारून भिंतीला आणि तारेला चिकटलेले बुडबुडे वर पाठवा. पिंजऱ्यात चमकता तुकडा उरलेला नाही ना, तेही बघा.

आता पातळी जुळवायची. बूचाच्या भोकावर बोट ठेवून नळी पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या उंच मोजपात्रात न्या. बोट काढा आणि नळी वरखाली करत आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत एक करा. पातळी एक झाली की आतल्या वायूचा एकूण दाब बाहेरच्या हवेइतका झाला. मेनिस्कसच्या, म्हणजे पाण्याच्या वक्र पृष्ठभागाच्या, सर्वांत खालच्या बिंदूवर, डोळे त्याच पातळीला आणून, रीडिंग घ्या. थर्मामीटर त्याच मोजपात्राच्या पाण्यात धरून तापमान घ्या, आणि लगोलग बॅरोमीटर वाचा.

एवढे उंच मोजपात्र नसेल तर रीडिंग बीकरमध्येच घ्या आणि आतल्या पाण्याची पातळी बाहेरच्यापेक्षा किती वर आहे ते पट्टीने मोजा. पाण्याच्या दर सेंटिमीटरमागे पाऱ्याचे ०.७३५ मिमी हवेच्या दाबातून वजा करा. १० सेंमी फरकाला ७.४ मिमी, म्हणजे एक टक्का. ही वजाबाकी राहिली तर उत्तर एक टक्क्याने वाढते.

गणित

नळीत नुसता हायड्रोजन नसतो, पाण्याची वाफही असते. तिचा दाब वजा केला की कोरड्या हायड्रोजनचा दाब उरतो. पुण्यातल्या लॅबला लागणारे बाष्पदाब, पाऱ्याच्या मिमीमध्ये:

१५ अंश: १२.८
२० अंश: १७.५
२२ अंश: १९.८
२५ अंश: २३.८
२७ अंश: २६.७
३० अंश: ३१.८
३२ अंश: ३५.७
३५ अंश: ४२.२

उदाहरण घेऊ. मॅग्नेशियम ०.०३५६ ग्रॅम, वायू ३९.८ मिली, तापमान २७ अंश, दुरुस्त केलेला दाब ७११ मिमी, पातळी जुळवलेली.

मॅग्नेशियमचे मोल = ०.०३५६ ÷ २४.३०५ = ०.००१४६५. मॅग्नेशियमच्या एका मोलमागे हायड्रोजनचा एक मोल, म्हणजे हायड्रोजनही तितकाच.
कोरड्या हायड्रोजनचा दाब = ७११ − २६.७ = ६८४.३ मिमी.
शून्य अंश आणि ७६० मिमीला आकारमान = ३९.८ × (६८४.३ ÷ ७६०) × (२७३ ÷ ३००) = ३२.६ मिली.
एका मोलचे आकारमान = ०.०३२६ ÷ ०.००१४६५ = २२.३ लिटर.

२२.४ च्या अर्ध्या टक्क्याजवळ. आता त्याच ३९.८ मिलीला हवेचा दाब ७६० धरून गणित करा: उत्तर २३.९ लिटर येते. बाष्पदाबही वजा केला नाही तर २४.७. सुरुवातीला सांगितलेले दोन्ही आकडे हेच, आणि दोन्हींच्या मागे एकच निर्दोष प्रयोग आहे. एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, तोंडी परीक्षेत विचारले तर हा हिशोब मांडून दाखवता आला पाहिजे.

एक खबरदारी: काही पाठ्यपुस्तके प्रमाण दाब ७६० मिमी न धरता १ बार धरतात. तेव्हा अपेक्षित उत्तर २२.४ नसून २२.७ लिटर. तुमच्या पुस्तकात कोणती व्याख्या आहे ते आधी पाहा आणि ७६० च्या जागी ७५० घालून गणित करा.

उत्तर तरीही चुकले तर

कमी आले तर बहुधा पट्टी नीट घासलेली नसते, तुकडा पिंजऱ्यातून निसटून ॲसिडच्या वर तरंगत राहिलेला असतो, किंवा उलटी करताना बोट सैल पडून वायू गेलेला असतो. जास्त आले तर आधी अडकलेला हवेचा बुडबुडा, गरम असतानाच घेतलेले रीडिंग आणि न जुळवलेली पातळी, या क्रमाने शोधा. तीनचार गटांची उत्तरे एकाच दिशेने, एकाच प्रमाणात चुकत असतील तर दोष हाताचा नसतो. दाब, तापमान किंवा वजनकाटा यांपैकी सगळ्यांनी वाटून घेतलेले काहीतरी चुकलेले असते, आणि पुण्यात पहिला संशय दाबावर घ्यावा. त्यासाठी वर्गातल्या सगळ्यांची उत्तरे फळ्यावर शेजारीशेजारी मांडावीत, असा माझा शिक्षकांना आग्रह आहे. एकट्या जर्नलमध्ये हा दोष दिसत नाही.

याच नळीने आणखी काय मोजता येईल

दुसरा धातू घ्यायचा असेल तर ४० मिली वायूसाठी ॲल्युमिनियम सुमारे ०.०२६ ग्रॅम आणि जस्त सुमारे ०.०९६ ग्रॅम लागते. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर चिवट असतो. पहिली काही मिनिटे काहीच होत नाही, मग एकदम जोरात सुरू होते. जस्त सावकाश विरघळते, त्याला अर्धा तास द्या.

माझ्या मते सगळ्यांत बोलका प्रयोग मेडिकलमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा. बाटलीवर ६ टक्के किंवा २० व्हॉल्यूम असे लिहिलेले असते. २० व्हॉल्यूम म्हणजे १ मिली द्रावणातून शून्य अंश आणि ७६० मिमीला २० मिली ऑक्सिजन. पुण्यात २७ अंशांना, पाण्यावर गोळा केला तर तोच ऑक्सिजन २४.४ मिली भरतो. लहान फ्लास्कमध्ये चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड आणि थोडे पाणी घ्या, सिरिंजने बरोबर १ मिली पेरॉक्साइड सोडा आणि वायू रबरी नळीने पाण्याने भरलेल्या युडिओमीटरमध्ये न्या. फ्लास्कमधली हवा आधी नळीत येईल, तिची काळजी करू नका: पेरॉक्साइड सोडल्यावर जितका वायू नवा तयार झाला तितकेच पाणी सरकते. मात्र सिरिंजमधून आत गेलेल्या १ मिली द्रवाने तेवढीच हवा ढकललेली असते, ती वजा करा. उघडून महिनोन्महिने कपाटात पडलेल्या बाटलीचे रीडिंग घेऊन नव्या बाटलीशी ताडून पाहा. औषध कसे उतरते ते डोळ्यांना दिसते.

शहाबादी फरशी किंवा अंड्याच्या कवचातून निघणारा कार्बन डायऑक्साइड मात्र साध्या पाण्यावर गोळा करू नका. २५ अंशांना तो जवळजवळ पाण्याच्या आकारमानाइतका विरघळतो, त्यामुळे रीडिंग डोळ्यांदेखत घटत जाते. त्याच्यासाठी गॅस सिरिंज घ्या, किंवा मिठाचे संपृक्त द्रावण वापरून रीडिंग लवकर घ्या. अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड पाण्यावर मोजायचा प्रश्नच येत नाही.

काम झाल्यावर बीकरमधले आणि नळीतले द्रव एकत्र करून त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा टाका. फसफसणे थांबले की भरपूर पाण्याबरोबर सिंकमध्ये सोडा. नळीतला हायड्रोजन उघड्या खिडकीशी मोकळा करा, कुणी काडी लावून ‘पॉप’ आवाज काढायचा हट्ट धरला तरी या नळीत नको. तांब्याची तार धुऊन, पुसून पुढच्या बॅचसाठी ठेवा. नळी आधी साध्या पाण्याने, मग डिस्टिल्ड वॉटरने खंगाळा, तोंड खाली करून स्टँडवर वाळवा, आणि त्या दिवशीचा दाब, तापमान आणि वेळ डब्यातल्या तक्त्याच्या मागे लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या बॅचला पुण्याचा दाब किती असतो याचा तोच पहिला पुरावा होईल.